पायरीवर थांबलेलं नवं

मित्रांनो, मी एक जुना चष्मा आहे. चष्म्याच्या तोंडून गोष्ट ऐकायची असेल तर एक गाठ आधीच पदराला मारून ठेवा: लहान असेल ते मोठं करून दाखवणं हा माझा जन्माचा धंदा आहे. मुंगी दाखवाल तर मी मुंगळा करून देईन. तेव्हा माझ्या सांगण्यातलं काही तुम्हांला जरा फुगलेलं वाटलं तर राग मानू नका. आणखी एक. मी वाचायचा चष्मा. लांबचं मला धुरकट दिसतं, जवळचं मात्र मी केसागणिक दाखवतो. हा माझा दोष आहे की गुण, ते शेवटी तुम्हीच ठरवा.

मुंबईत एका काचवाल्याच्या माडीवर माझा जन्म झाला. त्यानं मला चाकावर ओली वाळू घालून घासलं. त्या वेळी मी जो टाहो फोडला तो खाडी ओलांडून थेट अलिबागेला ऐकू गेला, आणि तिथल्या कोंबड्या अवेळी आरवल्या. नंतर पितळेच्या काड्या लावून मला एका डबीत निजवलं. तिथून हातोहात फिरत मी महाडला येसाजी मास्तरांच्या नाकावर येऊन बसलो.

येसाजी मास्तर ख्रिस्ती होते. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन ते गावोगाव हिंडत. पेटीत येशूच्या शुभवर्तमानाची पातळ पुस्तकं असत. आज वरंध, उद्या पोलादपूर, परवा कशेडीच्या पायथ्याशी. महाडला तेव्हा मोटार नुकती यायला लागली होती, पण मास्तर पायीच जात. म्हणत, "मोटारीत बसलो तर बोलायचं कोणाशी?"

या मास्तरांची एक गंमत सांगतो. एकदा ते सावित्रीच्या काठी दगडावर बसून वाचत होते. पुस्तकावर एक पाल आली. माझ्यातून ती मास्तरांना एवढी दिसली, की मगर समजून त्यांनी "धावा!" म्हणत नदीत उडी घेतली, ती नेमकी खऱ्या मगरीच्या पाठीवर. पण हातातलं पुस्तक काही सुटलं नव्हतं. मगरीच्या पाठीवर बसूनच त्यांनी पुढचा उतारा मोठ्यानं वाचायला घेतला. मगर बिचारी ऐकत ऐकत पैलतीराला गेली, त्यांना वाळूत उतरवलं आणि डोळे पुसत परत फिरली. मगरीचे अश्रू खोटे असतात म्हणतात. हे खरे होते, मी जवळून पाहिलेत.

असो. इथून पुढचं मात्र मी काच स्वच्छ पुसून सांगणार आहे.

शिमग्याच्या आदल्या बाजाराला महाडात एक उंच, वाकलेला माणूस मास्तरांच्या पेटीपाशी थांबला. त्याचं नाव कुशाबा. पोलादपूरच्या वर, डोंगराच्या कुशीत त्याची वाडी. अर्धं आयुष्य त्यानं मुंबईच्या गोदीत ओझी वाहिली होती, आणि खोलीतल्या सोबत्याकडून अक्षरं शिकला होता. आता गावी येऊन शेती करत होता. त्यानं एक पुस्तक उचललं, हात लांब केला, आणखी लांब केला.

"डोळं बरं हाईत माजं," तो म्हणाला, "हातच कमी पडतोय."

मास्तर हसले. त्यांनी मला नाकावरून काढलं आणि त्याच्या नाकावर ठेवलं. कुशाबा दचकला. मग एकेक अक्षर त्याच्यापुढे असं उभं राहिलं जसं काही ओसरीवर पाहुणा येऊन बसला.

"पुस्तक तुमचं," मास्तर म्हणाले. "चष्मा वाचून होईपर्यंत ठेवा. झालं की परत आणून द्या. माझ्याकडे दुसरा आहे."

"कवा व्हतं वाचून?"

"ते तुमच्यावर आहे."

अशा रीतीनं मी उसना म्हणून डोंगर चढलो.

मित्रांनो, पुस्तक वाचणारे मी पुष्कळ पाहिले. काही घाईनं गिळतात, काही चघळतात. कुशाबाची तऱ्हा न्यारी होती. गोदीतल्या माणसाला एक सवय असते. एक गोण खाली उतरवल्याशिवाय दुसरी पाठीवर घ्यायची नाही. तोच नियम त्यानं पुस्तकाला लावला. दिवस कलायच्या वेळी तो अंगणातल्या फणसाखाली बसे, मला नाकावर चढवी आणि एकच उतारा वाची. वाचलं ते दुसऱ्या दिवशी करायचं. केलं की पुढचा उतारा. नाही केलं तर पुढचं पान नाही.

आणि वाचण्याआधी तो हात जोडून रोज काहीतरी एक नवं आठवून उपकार मानी. "आज म्हशीनं लाथ मारली नाय, तुजं उपकार." "आज पाय दुखला, म्हंजे पाय हाय, तुजं उपकार." मला तर पहिल्याच दिवशी त्यानं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं. तोवर मला नाकाशिवाय दुसरी जागा माहीत नव्हती.

पुस्तकाच्या आरंभी नुसती वंशावळ होती, बापाचं नाव, आज्याचं नाव, खापरपणज्याचं नाव. दुसरा कोणी ती पानं उलटून गेला असता. कुशाबा खूश झाला.

"बरोबर हाय," तो बायकोला म्हणाला. "मानसाचं कूळ आधी इचारावं. पन प्रयागे, यात एक मौज हाय. ज्या बायांना लोकांनी नावं ठेवली त्यांचीबी नावं हाईत हितं. आपल्या भाटानं गाळली असती गो. यानं ठेवली."

प्रयागबाई अंगण सारवत होती. "मंग आता उद्या काय करनार? नावं तर करता येत नाईत."

दुसऱ्या दिवशी कुशाबानं आपल्या कुळातली नावं मोठ्यानं म्हटली, आणि ज्या एका चुलत आजीचं नाव घरात कोणी घेत नसे, तिचंही घेतलं. प्रयागबाईचा सारवणारा हात तेवढ्यापुरता थांबला.

मग मिठाचा उतारा आला. तुम्ही जगाचं मीठ आहात, असं काहीसं. कुशाबा उठून मिठाच्या मडक्यात डोकावला. पावसाळ्यात आमच्याकडे मीठ पाणी सोडतं, मडक्याच्या बुडाशी गळून जातं. तो म्हणाला, "मीठ आपलं आपन नाय खात. दुसऱ्याच्या कालवनात पडून नायसं व्हतं, तवा त्याची चव." आणि सकाळी तो घरातलं मीठ शेजारणीला देऊन आला. दुपारी प्रयागबाईची आमटी अळणी.

मग दिव्याचा उतारा. दिवा लावून कोणी पायलीखाली ठेवत नाही. पायली तर कुशाबाच्या घरी होतीच, भात मापायची. त्यानं ती उलटी घालून खरोखर दिव्यावर ठेवून पाहिली. दिवा विझला, घरात धूर झाला, प्रयागबाईला ठसका लागला.

"अवो, पुस्तकात लिवलंय ठेवू नये म्हनून!"

"का ठेवू नये ते बघायला नको?"

त्या दिवसापासून करंजाच्या तेलाचा एक दिवा वाटेच्या वळणावर लागू लागला, येणाराजाणाराला उतारावरचा धोंडा दिसावा म्हणून. प्रयागबाई तेलासाठी कुरकुरली. म्हणाली, "उद्या पुस्तकात लिवलं, इहिरीत उडी मारा, तर माराल?" कुशाबा म्हणाला, "आधी पानी किती हाय ते बघीन." पण दिव्यात वात घालायला तीच जाई. मी कुशाबाच्या मुंडाशातून पाहिलंय.

असं वाचत वाचत पाऊस लागला, लावणी झाली, तणाची बेणणी झाली. भात पोटरीला आलं तेव्हा कुशाबा एका उताऱ्यावर आला आणि थांबला.

त्या उताऱ्याचा अर्थ त्यानं प्रयागबाईला आपल्या बोलीत सांगितला. देवापुढं तू दान घेऊन आलास, आणि तिथं तुला आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याबद्दल काही आहे, तर ते दान तिथंच ठेव. आधी जा, भावाशी गोड हो. मग ये, आणि दान दे.

कुशाबानं पुस्तक मिटलं, पानात भाताचं एक पातं घातलं, मला डबीत ठेवलं. त्यानंतर कितीतरी संध्याकाळी मी डबीतच पडून होतो. गोण पाठीवर होती, आणि ती उतरत नव्हती.

आता हैबतीबद्दल सांगायला हवं. हैबती म्हणजे कुशाबाचा पाठचा भाऊ. कुशाबा मुंबईला असताना भर पावसात त्यांची आई वारली. तेव्हा पावसाळ्यात आगबोट बंद असे. निरोप मिळाला तसा कुशाबा पनवेलवरून नद्या-ओढे ओलांडत चालत आला. पोचला तोवर चिता विझून राख वाहून गेली होती. त्यानं कोणाचं ऐकलं नाही. सगळ्या सोयऱ्यांदेखत त्यानं हैबतीच्या कानशिलात मारली. "मला आईचं तोंड बघू दिलं नायस!" म्हणाला. हैबती एक शब्द न बोलता त्याच आठवड्यात बायकोला घेऊन दासगावला, सासुरवाडीला निघून गेला. तिथं सावित्रीच्या तरीवर होडी वल्हवू लागला. त्यानंतर भाऊ भावाला दिसला नाही.

इतकी वर्षं कुशाबा म्हणत आला होता, 'माज्या मनात हैबतीबद्दल हाय.' आणि हे पुस्तक उलटंच विचारत होतं. तुझ्या मनात काय आहे ते राहू दे. त्याच्या मनात तुझ्याबद्दल काय आहे?

ते त्याला ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं.

मग आली नव्याची पुनव. मित्रांनो, आमच्या वाडीचा रिवाज ऐका. नवं भात तयार झालं की पहिल्या लोंब्यांची पेंढी ग्रामदेवी सोमजाईला वाहायची. तो मान कुशाबाच्या घराचा. ती पेंढी देवीपुढं पडली की मग घरोघर दारावर लोंब्या बांधायच्या आणि नव्या तांदळाचा भात शिजवायचा. त्याआधी नव्याचा दाणा कोणी तोंडात घालायचा नाही. आणि आश्विनात जुनं भात कोणाच्या कणगीत उरतं? नाचणी आणि वरी खाऊन सगळ्यांच्या जिभा कंटाळलेल्या असतात. त्या दिवशी वाडीला नव्या भाताच्या नुसत्या विचारानं असं पाणी सुटलं होतं की, मी सांगतो, सावित्री हातभर चढली.

कुशाबा डोक्यावर पेंढी घेऊन निघाला. मी आणि पुस्तक त्याच्या मुंडाशाच्या घडीत. पुढं ढोल, मागं अख्खी वाडी. देवळाच्या दारात गोमाजी गुरव तांब्या घेऊन उभा. कुशाबा पायऱ्या चढू लागला आणि मध्येच थबकला. त्यानं पेंढी डोक्यावरून उतरवली आणि पायरीवर ठेवली.

"हे हितंच ऱ्हाऊ दे, गोमाजी."

"हितं?" गोमाजीनं तांब्या खाली आणला. "देवी आत हाय रे. ती काय भायेर येऊन घेनार हाय?"

"मी परत येतो."

"चाललास कुठं?"

"दासगावला."

ढोल थांबला. मागून एक बाई ओरडली, "अवो भावोजी, चुलीवर आधन ठेवून आलोय आमी!"

"आधन उतरवून ठेवा गो. मी येतोच."

"दासगाव म्हंजे काय परसाकडं जायाचं हाय?" सदू ढोलवाला म्हणाला. लोक हसले, पण हसण्यात भूक होती. मग एक म्हातारा पुढं आला. "कुशाबा, त्या पुस्तकानं तू बाटलास की काय?"

कुशाबा वळला. "देवी हीच हाय माजी. पन हिच्या पायरीवर उभा राहून भाऊ हाय की नाय ते मला सांगता येत नाय. दान कुठल्या तोंडानं देऊ?"

गलका झाला. कोणी म्हणे, पेंढी उचलून आपणच आत नेऊ. कोणी म्हणे, मान त्याच्या घराचा आहे, दुसऱ्यानं हात लावला तर देवी कोपेल. शेवटी ठरलं, देवीलाच विचारायचं. कौल लावायचा. गोमाजीनं पाण्यानं दोन फुलं देवीच्या अंगाला चिकटवली, उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवं पडलं तर पेंढी आत्ताच आत. डावं पडलं तर थांबायचं.

डावं फूल टपकन पडलं.

आता, मला लांबचं धुरकट दिसतं हे मी आधीच सांगितलं आहे. तेव्हा गोमाजीनं डाव्या फुलाला पाणी कमी लावलं होतं की नाही, यावर मी शपथ घेणार नाही.

"देवी थांबते म्हनते," गोमाजी म्हणाला आणि दाराला टेकून बसला. त्याचं स्वतःचंही आधण चुलीवर होतं.

प्रयागबाई गर्दीतून पुढं आली. मला वाटलं, आता ही सगळ्यांपुढं नवऱ्याला चार सुनावणार. तिनं सुनावलंही. "पुस्तक वाचायचं यांनी, आन उपाशी मरायचं गावानं!" मग तिनं कोणाच्या तरी कुंपणातली एक काठी ओढून घेतली आणि पेंढीशेजारी पायरीवर बसली. "जा आता. चिमन्या खातील हे, कुनी राखायला नको? आन अवो... भावोजींना म्हनावं, वयनीनं बोलवलंय."

कुशाबा चालू लागला. महाडला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी तो दासगावच्या तरीवर आला. हैबतीची होडी लागलेलीच होती. कुशाबा इतरांबरोबर चढला आणि पुढच्या फळीवर बसला. हैबतीनं त्याला पाहिलं. वल्हं क्षणभर पाण्यात अडलं. मग त्यानं असं वल्हवायला सुरुवात केली, जसं काही पुढच्या फळीवर भोपळा ठेवलाय.

पैलतीर आला. सगळे उतरले. कुशाबा उतरला नाही.

"काठ आलाय," हैबती पाण्याकडे बघून म्हणाला.

"मला उतरायचं नाय."

नवी माणसं चढली. होडी परत आली. कुशाबा तिथंच. पुन्हा गेली, पुन्हा आली. सूर्य डोक्यावर चढला. सुक्या बोंबलाची पाटी घेतलेल्या गोदूबाईनं जाताना त्याला पाहिलं होतं, येतानाही पाहिलं.

"अगो बाई! अरे हैबती, या मानसाचं काय नदीत पडलंय काय?"

"अक्कल," हैबती म्हणाला.

"घावंल म्हनून तर फेऱ्या मारतोय," कुशाबा म्हणाला.

गोदूबाई खदखदून हसली. हैबतीचा ओठ हलला की काय, मला नक्की सांगता येत नाही. तो होडीच्या दुसऱ्या टोकाला होता आणि मला लांबचं दिसत नाही. पण मला वाटतं, हलला.

दिवस कलला. शेवटच्या फेरीला दुसरं कोणी नव्हतं. कुशाबानं मुंडाशातून पुस्तक काढलं, मला नाकावर चढवलं. स्वतःचे शब्द त्याला सुचत नव्हते, म्हणून त्यानं तो उतारा वाचला. हळू, एकेक शब्दावर बोट ठेवून. सगळा वाचला.

"म्हंजे पुस्तकानं सांगितलं म्हनून आलास," हैबती म्हणाला. इतक्या वर्षांत भावाला बोललेलं त्याचं ते पहिलं धड वाक्य. "पुस्तक नसतं तर?"

कुशाबानं पानावरचं बोट उचललं. "नसतो आलो. म्हनून तर त्याचं उपकार."

हैबतीनं वल्हं आत घेतलं. ओहोटीचं पाणी होतं. होडी आपली आपण वाहू लागली.

"हैबती, मी सांगायला नाय आलो. इचारायला आलोय. तुज्या मनात काय हाय?"

पाणी होडीला लागत राहिलं. मग हैबती बोलला, पाण्याकडेच बघत. "आई गेली तवा पाऊस ठरत नव्हता. सगळी म्हनाली, उचला. मी म्हनालो, दादा येतोय. दुसरा दिस झाला. म्हनाली, उचला, आता ठेवनं बरं नाय. मी कोयता घेऊन दारात उभा ऱ्हायलो. गोमाजी गुरवाला इचार, तो व्हता. म्हनालो, दादा आल्याबिगर कुनी हात लावाल तर बघा. मंग... मंग आईलाच तरास व्हाया लागला, दादा. काय सांगू तुला. म्हनून मीच म्हनालो, उचला."

कुशाबाच्या हातातलं पुस्तक मांडीवर आलं.

"तू मारलंस ते नाय लागलं," हैबती म्हणाला. "इचारलं नायस, ते लागलं."

आता कुठे कुशाबाला कळलं, की देवीच्या डाव्या बाजूचं फूल इतक्या लवकर का पडलं.

तो उठला आणि होडीच्या त्या टोकाला गेला. मला काढायचं तो विसरला होता. थोरला भाऊ धाकट्याच्या पायांकडे वाकला. असं कोणी कधी करत नाही. हैबती घाबरून ओरडला, "दादा, काय करतोस! पाप घालतोस माज्या माथी!" त्यानं दोन्ही हातांनी भावाला वर ओढलं. आणि हैबतीचा चेहरा माझ्या अगदी समोर आला, वीतभर अंतरावर.

मित्रांनो, जवळचं दाखवणं हे माझं काम. मी ते त्या दिवशी जीव ओतून केलं. लांबून जो नुसता 'हैबती' होता, तो मी कुशाबाला सुरकुतीसकट दाखवला. उन्हानं भाजलेलं कातडं, पांढऱ्या झालेल्या भिवया, पाण्यानं भरलेले डोळे. आणि ती हनुवटी, मधोमध खळगी असलेली.

"आईची हाय रे," कुशाबा म्हणाला. "ही हनवटी आईची हाय. मला तोंड बघायचं व्हतं तिचं. हे काय, हितंच व्हतं."

दोघं रडू लागले, आणि होडी एवढी डुचमळली की मी नाकावरून सुटून तळच्या दगडी नांगरावर आपटलो. टिचलो. ही बघा, उजव्या काचेतली भेग. ती त्याच दिवसाची. मला दुखलं का? दुखलं. पण असं टिचायला मिळावं म्हणून मी पुन्हा त्या काचवाल्याच्या चाकाखाली जायला तयार आहे.

दोघांचं रडणं थांबेपर्यंत होडी वाहत वाहत थेट बाणकोटच्या समुद्रापर्यंत गेली. वाटेत दोन्ही काठांच्या मगरी वाट सोडून उभ्या राहिल्या. त्यांत एक मास्तरांची जुनी ओळखीची होती, तिनं मला लगेच ओळखलं. हैबतीला विचाराल तर तो सांगेल, होडी जेमतेम पुढच्या वळणापर्यंत गेली. पण त्याचे डोळे तेव्हा भरलेले होते, त्याला काय दिसणार?

दोघं भाऊ वाडीत पोचले तेव्हा सगळे देवळापाशी होते. आधणं चढत होती, उतरत होती. प्रयागबाई पायरीवर काठी घेऊन तशीच बसलेली. अंगावर कोणाची तरी घोंगडी, डोळे लाल.

"आलात?" ती म्हणाली. मग दिराकडे पाहून पदर सावरत उठली. "भावोजी, वाळलात हो. बनुबाई जेवायला घालत नाय वाटतं?"

बनुबाई म्हणजे हैबतीची बायको. "घालते वयनी," हैबती म्हणाला, "पन दासगावला मासळीच जास्ती. तुमच्या हातचा नव्याचा भात नसतो."

पेंढीच्या एका बाजूला लोंब्या थोड्या विरळ झाल्या होत्या. प्रयागबाई वरमली. "राखलं मी. पन एका चिमनीला भूक लई लागली व्हती."

कुशाबानं पेंढीचं एक टोक धरलं, हैबतीनं दुसरं. गोमाजी गुरवानं तांब्या उचलला. कुशाबा त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. गोमाजी म्हणाला, "माज्याकडं काय बघतोस? देवीकडं बघ." आणि पेंढी आत गेली. ढोल असा वाजला की प्रतापगडावरची माकडं खाली नाचायला आली. घरोघर धूर निघाला. त्या दिवसाचा नव्या तांदळाचा वास अजून माझ्या भेगेत आहे. पहिली मूद प्रयागबाईनं हैबतीच्या पानात वाढली. आणि कुशाबानं त्या संध्याकाळी भाताचं पातं पुढच्या पानात सरकवलं.

टिचलेल्या काचेतून प्रत्येक ओळ दोन तुकड्यांत दिसे. कुशाबा म्हणे, "बरं हाय. अर्धी वाचायची, अर्धी करायची." दर नव्याला हैबती येई आणि शेजारी बसून ऐके.

पेरणाऱ्याच्या गोष्टीवर तर दोघं भाऊ भांडले. एक शेतकरी बी टाकत निघतो, काही वाटेवर पडतं, काही खडकावर, काही काट्यांत.

"ह्यो कसला कुनबी?" हैबती म्हणाला. "राब भाजला नाय, रोप काढलं नाय, वाटेवर बी टाकतो! आपल्या बानं दांडकं घातलं असतं."

कुशाबाही तावातावानं त्या शेतकऱ्याला नावं ठेवू लागला. मग त्यानं पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवलं. "हैबती, त्याला बी सरायची भीती नाय रे. म्हनून तो खडकावरबी टाकतो. मी काय व्हतो? खडकच व्हतो. माज्यावर टाकताना त्याचा हात आखडला नाय." त्यानं मला काढलं, धोतरानं पुसलं आणि कपाळाला लावलं. काच ओली होती. पुसायच्या आधी की नंतर, ते सांगत नाही.

पेरणाऱ्याच्या गोष्टीच्याही आधी एकदा येसाजी मास्तर पेटी घेऊन वाडीत आले. "काय कुशाबा, झालं का वाचून?"

"नाय मास्तर. शत्रूवर प्रीतीचा उतारा आलाय. शेजाऱ्याचा बैल रोज माजं शेत खातो. अजून जमत नाय."

"मग राहू द्या चष्मा," मास्तर म्हणाले.

तो बैल पुढे म्हातारा होऊन मेला. कुशाबानं त्याला पेंढा घालायला सुरुवात केली होती, एवढं मी सांगू शकतो. मग कुशाबाही गेला. हैबती दाराशी बसला होता. त्याला कोयता घ्यावा लागला नाही. पुस्तक काही वाचून संपलं नाही, म्हणून मलाही कोणी परत मागितलं नाही.

आता मी एका कोनाड्यात आहे. शेजारी पुस्तक आहे, पानात भाताचं वाळलेलं पातं आहे. माझ्या काडीला, पुन्हा पडू नये म्हणून प्रयागबाईनं बांधलेला काळा दोरा अजून आहे, आणि डाव्या काचेवर एका कोळ्यानं संसार मांडला आहे. मी त्याला रोज मगरीची गोष्ट सांगतो. तो बिचारा खरी मानतो.

तरी मी तक्रार करणार नाही. मला नाकं पुष्कळांची मिळाली असती, पण कपाळ एकाचंच मिळालं. एवढ्यावर माझं भागलं.

मित्रांनो, घरात असा एखादा जुना चष्मा असेल तर त्याला फेकू नका. मऊ फडक्यानं पुसा, काचेवर नख लावू नका, डबीत पालथा ठेवू नका. त्यातून एकच उतारा वाचा, सगळं पुस्तक नको. मग चष्मा डोळ्यांवर ठेवूनच कोणाच्या तरी अगदी जवळ जा, आणि सांगू नका, विचारा. प्रत्येकाचं एक दासगाव असतं. तिथवरची वाट काही फार नसते, मी चालून आलोय. आणि मागं कुठल्यातरी पायरीवर तुमचं नवं थांबलेलं असतं, आणि त्याच्याशेजारी कोणीतरी काठी घेऊन चिमण्या हाकत बसलेलं असतं.

तिला फार वेळ बसवू नका.